आनंदीबाई जोशींनी अमेरिकेला जाताना सोबत काय नेलं?

आज परदेशी निघालो की आपण बॅगेचं वजन बघतो. १८८३ मध्ये आनंदीबाईंपुढचा प्रश्न होता, आपलं काय सोडायचं नाही?

डॉक्टरकीसाठी निघालेल्या १८ वर्षांच्या आनंदीबाईंनी खर्चासाठी दागिने विकले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, हे त्यांनी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजात जाहीर सांगितलं. ७ एप्रिलला पती गोपाळरावांशिवायच त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या.

सामानात साड्या होत्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारी नेसून पाय उघडे पडत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. साडी सोडली नाही. १८८५ च्या प्रसिद्ध फोटोतही त्या साडीतच आहेत.

१८८६ मध्ये त्या डॉक्टर होऊन परतल्या. कोल्हापुरात नोकरी ठरली होती. पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.