बोटांनी ठोके ऐकणाऱ्या डॉक्टर

बाळाचे ओठ निळसर दिसले, तर आज आपण त्याला हृदयरोगतज्ज्ञांकडे नेतो. ८५ वर्षांपूर्वी अशा बाळांसाठी शस्त्रक्रियेची सोय नव्हती. ती वाट दाखविणाऱ्या डॉ. हेलन टॉसिग यांची आज आपण ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म १८९८ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे झाला. ११ वर्षांच्या असताना आई क्षयाने वारली. वाचताना अक्षरे जुळत नसत, पुढे ऐकूही कमी येऊ लागले. तरी बाई खचल्या नाहीत. बाळाच्या छातीवर बोटे ठेवून त्या ठोके ओळखू लागल्या. १९३० पासून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात मुलांच्या हृदयरोगांचा विभाग त्यांनी सांभाळला.

काही जन्मजात दोषांत फुफ्फुसांकडे रक्त कमी जाते आणि बाळ निळे पडते. जन्मापूर्वीची एक रक्तवाहिनी उघडी असेतोवर बाळ तग धरते, ती मिटली की खालावते, हे बाईंनी हेरले. मग तशीच नवी वाट करून दिली तर? सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी हे मनावर घेतले. त्यांचे कृष्णवर्णीय सहायक व्हिव्हियन थॉमस यांनी आधी कुत्र्यांवर हे तंत्र बसविले. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पहिली शस्त्रक्रिया झाली. अपुऱ्या दिवसांची जन्मलेली ती मुलगी १५ महिन्यांची, वजन जेमतेम ४ किलो. ती सुधारली, पण काही महिन्यांनी पुन्हा खालावून वारली. तिच्यामागून हजारो मुले मात्र जगली.

डॉ. टॉसिग १९८६ साली निवर्तल्या. आपल्या घरी असे बाळ आले, तर नशिबाला बोल न लावता आपण त्याची तपासणी वेळीच करून घेऊ या.