चांदणी चौक वसविणारी बेगम

दिल्लीची यात्रा करून आलेली भगिनी चांदणी चौकातल्या साड्यांची आणि जिलबीची हकीकत सांगितल्यावाचून राहत नाही. (आपल्या पुण्याजवळच्या चांदणी चौकाशी गल्लत करू नये!) परंतु तो चौक एका राजकन्येने वसविला, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसते. तिचे नाव जहाँआरा.

शाहजहान आणि मुमताजमहल यांची ही थोरली कन्या 1614 साली जन्मली. 1631 साली तापीकाठच्या बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात मुमताज गेली, तेव्हा जहाँआरा सतरा वर्षांची होती. बाप शोकात बुडालेला, धाकटी भावंडे पोरकी झालेली. घराची सारी जबाबदारी या मुलीवर आली. आईच्या संपत्तीचा निम्मा वाटा तिला मिळाला. दोन वर्षांनी दाराचे, म्हणजे पाठच्या भावाचे, लग्न तिनेच थाटाने पार पाडले. तिचे स्वतःचे लग्न मात्र कधीच झाले नाही.

1644 साली एक घोर प्रसंग ओढवला. दिव्याची ज्योत तिच्या अत्तर लावलेल्या तलम वस्त्राला लागली आणि ती भयंकर भाजली. कित्येक महिने ती अंथरुणाला खिळून होती. बादशहा स्वतः तिच्या उशाशी बसे. एका इंग्रज वैद्याने तिला बरे केले व त्यातून कंपनीला सवलती मिळाल्या, अशी कथा सांगतात. पण तारखा जुळत नाहीत, म्हणून ती खरी मानू नये. ती बरी झाल्यावर बादशहाने आनंदाने सुरत बंदराचे उत्पन्न तिला दिले.

पुढे यमुनाकाठी शाहजहानाबाद हे नवे शहर उभे राहिले. 1648 साली दरबार तेथे आला आणि 1650 साली जहाँआरेने लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजासमोरचा बाजार वसविला. सुमारे चाळीस यार्ड रुंदीचा सरळ रस्ता, दुतर्फा पंधराशेहून अधिक दुकाने, मधून वाहणारा पाण्याचा पाट आणि दुतर्फा झाडांची सावली. मध्यावर अष्टकोनी चौक व त्यात कुंड. त्या पाण्यात चांदणे पडे, म्हणून चांदणी चौक. हे नाव पुढे साऱ्या रस्त्याला मिळाले. चौकाच्या एका बाजूस परदेशी व्यापाऱ्यांसाठी देखणी सराई व मागे मोठी बाग, दुसऱ्या बाजूस स्नानगृह, हेही तिचेच. रस्त्याच्या पश्चिम टोकाची मशीद बादशहाच्या फतेहपुरी बेगमने बांधली. म्हणजे त्या थाटाच्या रस्त्याला दोन स्त्रियांचा हात लागला. आणि पडद्याच्या चालीमुळे त्यांना त्याच बाजारात मोकळेपणी चार पावले फिरता येत नव्हते.

1658 साली भावाभावांत गादीसाठी युद्ध पेटले. जहाँआरा दाराच्या बाजूची, बहीण रोशनआरा औरंगजेबाच्या. दारा हरला आणि बादशहा आग्र्याच्या किल्ल्यात कैद झाला. जहाँआरेने वैभव सोडून बापाबरोबर कैद पत्करली आणि जवळजवळ आठ वर्षे त्याची सेवा केली. 1664 साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा ही बेगम त्या किल्ल्यातच होती. 1666 साली शाहजहान वारला. मग औरंगजेबाने तिचा मान तिला परत दिला. कुराणाचे वाचन व सूफी संतांविषयीचे लेखन हा तिचा जुना छंद. अजमेरच्या ख्वाजांचे चरित्र तिने तरुणपणीच फारशीत लिहिले होते. 1681 साली ती गेली.

1857 नंतर इंग्रजांनी तिची सराई पाडून तेथे नगरभवन बांधले. पाट बुजला. कुंडाच्या जागी घड्याळाचा मनोरा आला, आज तोही नाही.

दिल्लीस जाल तेव्हा चांदणी चौकातून पुढे हजरत निजामुद्दीनच्या दर्ग्यातही अवश्य जा. संगमरवरी जाळीच्या कुंपणात तिची कबर आहे. वर छत नाही आणि मधोमध उघडी माती ठेवलेली आहे, तिच्या इच्छेप्रमाणे तीवर गवत उगवावे म्हणून.