बाबासाहेबांचे इंग्रजी आणि आपली मुले



मुलगा शाळेतून गुणपत्रिका घेऊन येतो. मराठीत पास, गणितात पास, इंग्रजीत नापास. घरातले कोणी वडीलधारे म्हणते, इंग्रजी आपल्या नशिबात नाही, पोराला यंदा ऊसतोडीला घेऊन चला. तुम्ही नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. नशिबाची ही भाषा आता तुमच्या घरात शोभत नाही. पोराच्या हाती कोयता देण्याआधी परमपूज्य बाबासाहेब इंग्रजी कसे शिकले, तेवढे ऐका.

तुम्ही श्रीपूरचे असाल तर शुगर फॅक्टरी, बॉयलर, शिफ्ट हे शब्द शाळा न पाहिलेल्यांच्याही तोंडी आहेत. पण शुगर हा शब्द मुलाला लिहायला सांगा. तो एसपुढे एच घालील आणि गुरुजी तांबडी रेघ मारतील. त्या शब्दात एच नाही, तरी उच्चार श असाच होतो. पी-यू-टी पुट, तर बी-यू-टी बट का? इंग्रजांच्या मुलांनाही हे पाठच करावे लागते. दोष पोराच्या डोक्याचा नाही, त्या भाषेची चालच तशी आहे. आणि शुगर हा शब्द तरी परका कुठे? संस्कृतातली शर्करा, पालीतली सक्खरा इराणात शकर झाली, अरबांकडे सुक्कर झाली आणि युरोपची वाट चालून इंग्रजांकडे शुगर झाली. तुमच्या घरच्या साखरेचेच ते परदेशी रूप आहे.

भीमराव लहान असताना सुभेदार रामजींनी त्यांच्याकडून तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांतून इंग्रजी घोटून घेतले. मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली होती. वडील मुलाला लवकर झोपवीत आणि मध्यरात्रीनंतर दोन वाजता अभ्यासाला उठवीत. शाळेत संस्कृत शिकायची मनाई झाली, म्हणून त्या मुलाने फारसी घेतली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. घरात पैसा नव्हता, पण मुलासाठी जागणारा बाप होता.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेला पाठवले. महिन्याला साडेअकरा पौंड मिळत. त्यातच राहणे, खाणे, पुस्तके आणि घरी रमाईंना पाठवायचे पैसे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी तेथेच डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीबाहेर लग्न होऊ न देणे हेच जातीचे मूळ आहे, असे त्यांनी त्यात मांडले.

जातीला इंग्रजीत कास्ट म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांच्या कास्टा या शब्दावरून आला आणि त्याचा अर्थ वंश, कूळ असा आहे. इंग्रजीत दुसराही एक कास्ट आहे. उच्चार तोच, शेवटचा ई तेवढा गळतो. तो मत टाकण्यासाठी वापरतात. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताचा हक्क मागितला. पुढे संविधानाने तो प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला दिला. पहिल्या कास्टमधून आपल्याला बाहेर काढून दुसरा हाती देण्यात त्यांचे आयुष्य गेले.

आता इन हा शब्द पाहा. इन म्हणजे वाटसरूंची सराई. पण लंडनमध्ये बॅरिस्टर घडवणाऱ्या जुन्या संस्थांनाही इन म्हणतात. १९१६ साली ग्रेज इन या संस्थेत बाबासाहेबांना प्रवेश मिळाला. कोणी जात विचारली नाही. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्ती संपली आणि ते परत आले. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके महायुद्धात समुद्रात बुडाली. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सराईत पारशी नाव लावून उतरावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक चालून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडणे भाग पडले. ओळखीच्यांनीही आसरा दिला नाही. तो विद्वान माणूस सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाला. लंडनच्या इनने आत घेतले, मायदेशीच्या इनने बाहेर काढले. शब्द तोच होता. दार उघडणारी माणसे वेगळी होती.

तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी आणि मित्र नवल भथेना यांनी हातभार लावला, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ग्रंथालयात ते सकाळपासून दार बंद होईपर्यंत बसत. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांना झोंबला आणि तो पुन्हा लिहून आणायला सांगण्यात आले. त्यांनी तो पुन्हा लिहिला, पण निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली ते डी.एस्सी. झाले. इंग्रजीत नापास झालेल्या तुमच्या मुलाला हे जरूर सांगा. पुन्हा लिहावे लागणे म्हणजे हरणे नव्हे.

अशा कष्टाने कमावलेली भाषा त्यांनी शेवटी कुठे वापरली? भगवान बुद्धांचा धम्म सांगण्यासाठी. त्यांचा बुद्धावरचा ग्रंथ मूळ इंग्रजीत आहे आणि तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. धम्म या शब्दाला इंग्रजीत रिलिजन म्हणून त्यांना भागवता आले असते. त्यांनी तसे केले नाही. रिलिजन या शब्दाला एक ठाम अर्थच नाही, हे त्यांनी दाखवले. रिलिजन ज्याच्या त्याच्यापुरता असतो. धम्म म्हणजे माणसाने माणसाशी नीट वागणे, असा भेद त्यांनी सांगितला आणि इंग्रजी ग्रंथातही धम्म हा शब्द तसाच ठेवला. परक्या भाषेवर ज्याची हुकमत असते, त्यालाच तिचा कोणता शब्द घ्यायचा आणि कोणता नाकारायचा हे कळते.

म्हणून, उपासक-उपासिकांनो, मुलगा असो वा मुलगी, इंग्रजीत नापास झाले म्हणून शाळा सोडवू नका. रात्री वंदना झाली की घटकाभर त्यांच्याजवळ बसा. तुम्हाला वाचता येत नसेल तरी बसा. पाच शब्द मोठ्याने वाचायला लावा आणि प्रत्येकाचा अर्थ मराठीत विचारा. सुभेदार रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागत होते. आपण नऊ वाजेपर्यंत तरी जागे राहू या.

जयभीम! नमो बुद्धाय!