साने गुरुजींचे बालवाङ्मय : तुरुंगातील प्रवास आणि परक्या संस्कृती

बुलढाणा जिल्ह्यात मलकापूरच्या पश्चिमेस वऱ्हाड संपतो आणि खानदेश सुरू होतो. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, पालगड येथे झाला. परंतु लेखक म्हणून ते घडले ते या खानदेशातील अमळनेरात. १९२४ मध्ये ते तेथील शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांसाठी त्यांनी हस्तलिखित दैनिक चालविले, पुढे 'विद्यार्थी' मासिक काढले. तत्त्वज्ञानाच्या या पदवीधराला पहिला वाचक मिळाला तो शाळकरी मुलगा, आणि तो वाचक त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

बालवाचकांपर्यंत जगातील कथा नेणाऱ्या या लेखकाने परदेश पाहिला नव्हता. त्यांचा महत्त्वाचा प्रवास सरकारने घडविला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले. शिक्षा झाल्यावर प्रथम धुळे आणि नंतर दूरचे त्रिचनापल्ली असे तुरुंग त्यांच्या वाट्याला आले. त्रिचनापल्लीत दक्षिणेकडील निरनिराळ्या भाषांचे सत्याग्रही एकत्र होते. शेजारच्या बंदिवानाची भाषा व वाङ्मय आपल्याला ठाऊक नाही, ही जाणीव त्यांना तेथे तीव्रतेने झाली. तिरुवल्लुवरांच्या 'कुरल'चा त्यांनी केलेला मराठी अनुवाद ही त्या मुक्कामाची फलश्रुती होय. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनी लिहून घेतली आणि १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. या पुस्तकाविषयी विपुल लिहिले गेले असल्याने येथे विस्तार करीत नाही.

अभ्यासकांनी तुलनेने कमी लक्ष दिले आहे ते 'गोड गोष्टी' मालेकडे. तीतील 'मनुबाबा' ही जॉर्ज इलियट यांच्या 'सायलस मार्नर' या कादंबरीवर आधारलेली आहे. एकाकी विणकराचे साठविलेले सोने चोरीस जाते आणि त्याच्या घरी एक पोरकी मुलगी येते, हा मूळ गाभा गुरुजींनी राखला. मात्र इंग्लंडातील खेडे, तेथील चर्च आणि समाजरचना यांना त्यांनी देशी रूप दिले. याचा लाभ उघड आहे: दहा-बारा वर्षांच्या मराठी मुलाला कथेत शिरताना कोठेही अडत नाही. परंतु त्याची किंमतही मोजावी लागते. आपण एका परक्या समाजाच्या सुखदुःखाशी समरस झालो आहोत, हे त्या मुलाला कळतच नाही. करुणेचा संस्कार होतो; परकेपणाची ओळख होत नाही. गुरुजींच्या भावुकतेवर टीकाकारांनी पुष्कळ आक्षेप घेतले. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या बालवाङ्मयाची खरी मर्यादा भावुकतेत नसून या वेषांतरात आहे.

ती मर्यादा त्यांना जाणवली होती किंवा कसे, हे त्यांच्या पुढील कार्यावरूनच ताडावे लागते. 'कुरल' मराठीत आणताना त्यांनी त्याचे तमिळपण लपविले नाही. 'इस्लामी संस्कृती' या पुस्तकात पैगंबरांचे चरित्र अरबस्तानच्या पार्श्वभूमीवरच उभे केले आहे. १९४९ च्या पुणे येथील साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीची प्रेरणा तीमागे असली, तरी तिचे बीज त्रिचनापल्लीच्या बराकीत पडले होते. निरनिराळ्या प्रांतांच्या मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे वाङ्मय त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखावे, अशी ती योजना होती. येथे कथेला देशी वेष चढविण्याची गरज उरत नाही. मुलानेच शेजाऱ्याच्या घरी जायचे आहे.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले होते. आंतरभारतीसाठी निधी जमविण्याचे प्रयत्नही चालू होते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपविले. आंतरभारतीची संस्था तोवर उभी राहिली नव्हती. तिच्या नावाने पुढे कार्य केले ते त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्यांची 'गोड गोष्टी' वाचून वाढलेल्या पिढीने.