भारतीय सर्कसचे जनक विष्णुपंत छत्रे

पेण : शेजारच्या खालापूर तालुक्यात २०१३ मध्ये ‘इमॅजिका’ सुरू झाले आणि पेण-रोह्याच्या कुटुंबांना मनोरंजननगरी हाकेच्या अंतरावर आली. त्यापूर्वी अशा सहलीसाठी १९८९ मध्ये सुरू झालेल्या गोराईच्या ‘एस्सेलवर्ल्ड’पर्यंत जावे लागे. त्याही आधीच्या पिढ्यांना मात्र करमणुकीकडे जावे लागत नसे. तीच जत्रेतील पाळण्यांच्या आणि तंबूच्या रूपाने गावी येई. त्यातील पहिली भारतीय सर्कस उभारणारा माणूस मराठी होता, याचे स्मरण आज फारसे कोणाला नाही.

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे मूळचे सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे. त्यांना दोन वेडे होती, घोडा आणि गाणे. दोन्हींच्या ओढीने ते उत्तरेत गेले. ग्वाल्हेरला त्यांनी उस्ताद हद्दू खाँ यांच्याकडे गायनाची तालीम घेतली, घोडे शिकविण्याची विद्याही आत्मसात केली. पुढे कुरुंदवाड संस्थानात घोड्यांच्या पागेची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

१८७९ च्या सुमारास ज्युसेप्पे कियारिनी या इटालियन मालकाची सर्कस मुंबईत आली. विष्णुपंतांनी ती संस्थानिकांसमवेत पाहिली. भारतीयांना सर्कस काढण्यास अजून बराच काळ लागेल, असे कियारिनीने हिणवले आणि विष्णुपंतांनी ते आव्हान स्वीकारले, अशी कथा सांगितली जाते. कथेत तिखटमीठ असेलही. परंतु २० मार्च १८८० रोजी ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला, हे खरे.

विष्णुपंतांना हे इतक्या लवकर साधले, यात नवल नाही. मुळात आधुनिक सर्कस जन्मली तीच घोड्याच्या पाठीवर. लंडनच्या फिलिप अ‍ॅस्टलेने १७६८ मध्ये वर्तुळाकार रिंगणात घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. गोल धावणाऱ्या घोड्यावर आतल्या बाजूला किंचित कललेला स्वार उभ्यानेही तोल सांभाळू शकतो. त्यातूनच सुमारे ४२ फूट व्यासाचे रिंगण जगभर रूढ झाले. पागेत आयुष्य घालविलेल्या विष्णुपंतांना या खेळाचा गाभा कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

सर्कस गावोगाव फिरू लागली. दक्षिणेत तलश्शेरी येथे व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हिकण्णन यांच्याशी विष्णुपंतांची गाठ पडली. त्यातूनच पुढे कुन्हिकण्णन यांनी १९०१ मध्ये सर्कस प्रशिक्षणशाळा काढली. सर्कस म्हटली की केरळचे कलावंत, हे समीकरण तेथे रुजले. महाराष्ट्रात देवल, कार्लेकर यांच्या सर्कशी गाजल्या.

गाणेही सुटले नव्हते. गुरुपुत्र रहिमत खाँ मन:स्वास्थ्य हरपून विपन्नावस्थेत भटकत असता विष्णुपंतांनी त्यांना आश्रय दिला. सर्कशीच्या मुक्कामांवर खाँसाहेबांच्या मैफली होऊ लागल्या. वाघसिंहांच्या तंबूशेजारी ग्वाल्हेर गायकी, हा योग अन्यत्र क्वचितच जुळला असेल.

विष्णुपंतांचे १९०५ मध्ये निधन झाले. बंधू काशीनाथपंतांनी सर्कस आणि खाँसाहेब या दोहोंचा सांभाळ केला. रहिमत खाँ १९२२ मध्ये कुरुंदवाडला वारले.

अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या खेळांवर केंद्र सरकारने १९९८ मध्ये बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. सर्कशींचा प्रेक्षक झपाट्याने घटला. त्या यादीत घोड्याचे नाव नव्हते.