कांदोळीचे आबे फारिया: परमुलखांतील एक अध्यापक

आपल्या नागपूर धर्मप्रांताच्या आरंभींच्या इतिहासांत सॅव्हॉय प्रांतांतील आन्सी शहराहून आलेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाच्या धर्मगुरूंचीं नांवें आदरानें घेतलीं जातात. १८७० सालीं नागपुरास शाळा उघडून त्यांनीं ह्या मुलखांत विद्यादानाचें काम चालविलें. तिकडचे विद्वान् इकडे येऊन शिकवूं लागले, ही गोष्ट आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. परंतु त्या शाळेच्याही जवळजवळ शंभर वर्षें आधीं एक मुलगा नेमका ह्याच्या उलट दिशेनें निघाला होता. तो मोठेपणीं पाद्री झाला, पंडित झाला आणि खुद्द फ्रान्स देशांत फ्रेंच मुलांना तत्त्वज्ञान शिकवूं लागला, हें आपणांपैकीं फार थोड्यांच्या कानीं असेल.

आज सेलू, आर्वी किंवा हिंगणघाटाकडची एखादी मुलगी शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन परदेशीं शिक्षिकेची जागा पाहूं लागली, म्हणजे घरांत पहिला प्रश्न निघतो तो कागदांचा. इकडची पदवी तिकडे धरतात कीं नाहीं? वर्गांतलीं परकीं मुलें आपलें ऐकतील काय? आणि नोकरी गेली तर मागें कोण? हे तिन्ही प्रश्न ह्या पाद्रीबाबांस दोनशें वर्षांपूर्वीं पडले होते, आणि तिहींचींही उत्तरें त्यांस स्वतःच्या अंगावर घ्यावीं लागलीं.

जोझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म गोमंतकांत, बारदेशांतील कांदोळी गांवीं, १७५६ च्या मे महिन्यांत झाला. घराणें पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, मूळ ब्राह्मण. वडील कायतानु व्हितोरिनु कोलवाळचे आणि आई रोझा मारिया द सौझा कांदोळीची. वडिलांनीं तरुणपणीं सेमिनरीची वाट धरली होती. ती सोडून त्यांनीं विवाह केला. पुढें पतिपत्नींचें जुळेनासें झालें आणि ख्रिस्तसभेच्या परवानगीनें दोघें वेगळीं झालीं. वडिलांनीं पुन्हां धर्मशिक्षण पुरें करून गुरुदीक्षा घेतली. आईनें जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठांत प्रवेश केला. आई धर्मभगिनी आणि वडील धर्मगुरु, असें हें विलक्षण बालपण. त्या एकट्या मुलाच्या मनावर त्याचा काय ठसा उमटला असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

त्या काळीं गोमंतकीय पाद्री कितीही विद्वान् असला तरी अधिकाराच्या मोठ्या जागा बहुधा गोऱ्यांकडेच जात. हा अन्याय मोडावयाचा तर विद्या थेट युरोपांतूनच आणली पाहिजे, असें कायतानु यांनीं ठरविलें. १७७१ च्या फेब्रुवारींत पितापुत्र गलबतावर चढले आणि नोव्हेंबरांत लिस्बनला उतरले. नऊ महिने समुद्रावर! मुलगा तेव्हां पंधरा वर्षांचाही पुरता झाला नव्हता. पुढच्याच वर्षीं दोघे रोमला गेले. तेथें प्रोपागांडा फीदेच्या विद्यालयांत मुलाचें नांव दाखल झालें. मिशन-मुलखांतील होतकरू तरुणांसाठीं पोप आठवे उर्बन यांनीं १६२७ मध्यें तें स्थापिलें होतें. गोमंतकाला रोमची वाट नवी नव्हती; दिवाडी बेटाचे मातेउश द कास्त्रु तेथेंच बिशप-पदाला चढले होते, तें १६३७ सालीं.

१७८० च्या मार्चमध्यें जोझे कुस्तोदियु यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षीं त्यांनीं देवाचें अस्तित्व, देवाचें एकत्व व दैवी प्रकटीकरण ह्या विषयावर लॅटिन प्रबंध सादर करून आचार्यपद मिळविलें. तो प्रबंध त्यांनीं पोर्तुगालच्या राणी मारिया यांस अर्पण केला. सिस्टाइन चॅपेलमध्यें पोप सहावे पायस यांच्यासमोर प्रवचन करण्याचा मानही ह्या चोविशींतल्या गोमंतकीयास लाभला. कागदांच्या बाबतींत म्हणाल तर ह्याहून भक्कम कागद त्या काळीं जगांत दुसरे नव्हते.

लिस्बनला परतल्यावरची एक आख्यायिका गोव्यांत अजून सांगतात. राजवाड्याच्या चॅपेलमध्यें प्रवचनास उभे राहिल्यावर समोरचे सरदार-मानकरी पाहून तरुण पाद्रीबाबांची जीभच लुळी पडली. तेव्हां जवळ बसलेल्या वडिलांनीं हलकेच कोंकणींत सांगितलें, कीं ही सगळी नुसती भाजी आहे, बिनधास्त चीर. तो शब्द कानीं पडतांच भीति पळाली आणि प्रवचन ओघानें चाललें. ही कोंकणी भाजी आपल्या वऱ्हाडी स्वयंपाकघरांतही तितकीच ओळखीची, म्हणून ही गोष्ट ऐकतांना आपल्यालाही ती घरचीच वाटते. आख्यायिका किती खरी तें असो. पण एका शब्दानें माणसाचें अंग कसें बदलतें, हाच पुढें त्यांच्या आयुष्यभराचा अभ्यास झाला.

१७८७ सालीं गोव्यांत पोर्तुगीज सत्तेविरुद्ध रचलेला एक कट उघडकीस आला. इतिहासांत तो पिंटोंचा कट म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांत कित्येक गोमंतकीय धर्मगुरु होते. पंधरा जणांना १७८८ मध्यें फांशीं देण्यांत आलें. कटवाल्यांपैकीं दोघे पाद्री पूर्वीं लिस्बनला राहून गेले होते, आणि फारिया पितापुत्रांशीं त्यांचा घरोबा होता. संशयाची छाया घरावर पडली. १७८८ सालीं जोझे कुस्तोदियु लिस्बन सोडून पॅरिसला गेले. रोमची पदवी जवळ होती, पण राजाश्रय गेला, घर सुटलें, आणि स्वदेशाचें दारही जवळजवळ मिटलें.

पुढच्याच वर्षीं फ्रान्सांत क्रांतीचा वणवा पेटला. परका, सांवळा आणि त्यांतही धर्मगुरु. अशा माणसानें त्या धामधुमींत जीव वांचविला हेंच नवल. १७९५ च्या ऑक्टोबरांत राष्ट्रीय सभेविरुद्ध उठलेल्या पॅरिसकरांच्या एका तुकडीचे ते पुढारी होते. पाद्रीबाबांनीं हें करावें कीं नाहीं ह्याचा वाद येथें नको. त्या वर्षांतल्या त्यांच्या बाकीच्या दिनचर्येपेक्षां पुढची हकीकत आपल्या विषयास अधिक जवळची आहे.

नेपोलियननें १८०८ सालीं साऱ्या फ्रान्सच्या शाळा व विद्यालयें एका विद्यापीठाच्या छत्राखालीं आणलीं. त्या व्यवस्थेंत १८११ सालीं मार्सेय शहरीं तत्त्वज्ञानाचे अध्यापक म्हणून फारिया यांची नेमणूक झाली. वय पंचावन्न वर्षांचें. ज्या भाषेंत शिकवावयाचें ती फ्रेंच; आणि तिच्याआधीं त्यांच्या तोंडांत कोंकणी, पोर्तुगीज, लॅटिन आणि इटालियन बसलेल्या. इतक्या भाषा ओलांडून एक कांदोळीकर फ्रेंच मुलांस तर्कशास्त्र शिकवीत उभा आहे, हें चित्र डोळ्यांसमोर आणावें. मार्सेयच्या वैद्यक मंडळानेंही त्यांस आपलें सभासद करून घेतलें. परंतु हें वैभव टिकलें नाहीं. थोड्याच काळांत त्यांची बदली नीम शहरीं झाली, आणि तीही सहायकाच्या जागेवर. रोमच्या आचार्याला हाताखालचें काम! परदेशीं नोकरी करणाऱ्यांस हा अनुभव नवा नाहीं. पदवी मान्य होते आणि तरी पायरी खालची मिळते. १८१३ सालीं नीमची जागा सोडून ते पॅरिसला परत आले.

आणि त्यांनीं स्वतःचीच शाळा काढली. त्याच ऑगस्टपासून रू द क्लिशी येथील एका घरीं दर गुरुवारीं त्यांचीं व्याख्यानें होऊं लागलीं. प्रवेशशुल्क पांच फ्रँक. विषय होता जाणती निद्रा, म्हणजे आज आपण जिला मोहनिद्रा अथवा संमोहन म्हणतों ती. मेस्मर नांवाच्या वैद्यानें पूर्वीं असें मत पसरविलें होतें, कीं माणसाच्या देहांतून एक अदृश्य प्रवाह निघतो आणि त्याच्या बळावर दुसऱ्यास निद्रा येते, रोग बरे होतात. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें नेमलेल्या विद्वानांच्या समितीनें तो प्रवाह खोटा ठरविला. मात्र निद्रा कां येते तें कोणी नीट सांगेना. फारिया यांनीं सांगितलें. निजविणाऱ्याच्या हातांत कांहींएक जादू नाहीं. जें घडतें तें निजणाऱ्याच्या मनांत घडतें. मन एकाग्र झालें, डोळे एका ठिकाणीं खिळले, आणि अधिकारानें एक शब्द उच्चारला, कीं ज्याची प्रकृति त्यास अनुकूल असेल तो निजतो. म्हणून ते हातवारे करीत नसत. माणसास खुर्चीवर बसवून, डोळे मिटावयास लावून, मोठ्यानें निजण्याची आज्ञा करीत. सगळ्यांवर तिचा परिणाम होत नाहीं, हेंही ते उघड कबूल करीत. भोंदू माणूस असें कबूल करीत नसतो!

हें मत दोन्ही बाजूंस रुचलें नाहीं. प्रवाहवाद्यांच्या मतें त्यांनीं त्यांचें दैवतच मोडलें. कित्येक धर्मनिष्ठांस त्यांत सैतानाचा हात दिसला. हें सारें निसर्गाच्या नियमानें होतें, त्यांत भूतही नाहीं आणि चमत्कारही नाहीं, असें फारिया दोघांसही परोपरीनें सांगत राहिले. शेवटीं पॅरिसच्या थट्टेनें डाव साधला. एका नटानें झोंपेचें सोंग करून भर सभेंत त्यांस फसविलें. १८१६ सालीं त्यांच्यावर एक प्रहसन रंगभूमीवर आलें आणि सारें शहर हंसलें. व्याख्यानांची गर्दी ओसरली. एका धर्मगृहाचे चॅप्लेन म्हणून पवित्र मिस्सा करीत आणि लिहीत त्यांनीं उरलेले दिवस काढले.

त्यांचा ग्रंथ १८१९ सालीं छापून निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर लेखकानें आपली ओळख दिली आहे ती अशी: ब्राह्मण, धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान यांचे आचार्य, फ्रान्सच्या विद्यापीठाचे तत्त्वज्ञानाचे माजी अध्यापक, आणि मार्सेयच्या वैद्यक मंडळाचे सभासद. प्रभूच्या मेजावर जातीला जागा नाहीं, तेव्हां पहिला शब्द आपल्याला खटकेल. परंतु हिंदुस्थानच्या ब्राह्मणांविषयीं पॅरिसच्या लोकांस त्या वेळीं मोठें कुतूहल होतें, आणि थट्टा झालेल्या वृद्ध अध्यापकानें आपलीं सारीं प्रमाणपत्रें एकदां ओळीनें मांडून दाखविलीं, ह्यांत माझ्या मतें राग धरण्याजोगें कांहीं नाहीं. तो ग्रंथाचा पहिला भाग होता. पुढचे भाग निघावयाचे होते, पण २० सप्टेंबर १८१९ रोजीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं, त्यांस अकस्मात् मृत्यु आला. मोंमार्त्र येथें त्यांस मूठमाती मिळाली. कबरीवर नांव नव्हतें.

नांव राखलें तें एका कादंबरीनें. अलेक्झांडर द्यूमा यांच्या काउंट ऑफ मॉंटे क्रिस्टो ह्या १८४४ पासून प्रसिद्ध झालेल्या कथेंतील वृद्ध कैदी आबे फारिया आहेत. तेथें ते इटालियन आहेत आणि शातो दीफच्या कोठडींत मरतात. ही सर्व कादंबरीकाराची कल्पना. परंतु त्या कोठडींत ते एका अडाणी तरुण खलाशास भाषा, गणित आणि इतिहास शिकवितात, एवढें मात्र द्यूमांनीं बरोबर हेरलें. शास्त्राच्या जगांत न्याय मिळावयास अधिक काळ लागला. फ्रान्समधील नॅन्सी शहरच्या बर्नहाइम प्रभृति वैद्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूचनेचें सामर्थ्य सिद्ध केलें, तेव्हां फारिया खरे होते असें दिसून आलें. पुढें नोबेल पारितोषिक मिळविणारे पोर्तुगीज वैद्य एगश मोनीश यांनीं १९२५ सालीं त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

पणजीस मांडवीच्या कांठीं, आदिलशहाच्या जुन्या वाड्याशेजारीं, १९४५ सालीं त्यांचा पुतळा उभारला गेला. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, म्हणजे गोव्याचेच. झगा घातलेले पाद्रीबाबा दोन्ही हात पुढें करून उभे आहेत आणि समोर एक स्त्री निद्रेंत कलली आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनास आपल्याकडून जे लोक जुन्या गोव्यास जातात, त्यांची वाट बहुधा पणजीवरूनच असते. माहिती नसलेला वाटसरू तो पुतळा पाहून बुचकळ्यांत पडतो, कीं हा पाद्री त्या बाईस भिववीत तर नाहीं ना. आपल्या धर्मग्रामांतील कोणी तेथें थांबलेच, तर बरोबरच्या मुलांना सांगावें, कीं ते गुरुजी आहेत आणि वर्ग चालूं आहे.