गार्सिया द ओर्ता : परसातल्या औषधींना पुस्तकात आणणारे वैद्य

हैदराबादच्या मराठी घरात अंगण असो, गच्ची असो की जेमतेम चार फुटांची बाल्कनी, तुळस, ओवा, गवती चहा आणि कोरफड यांच्या कुंड्या बहुधा सापडतातच. पोट बिघडले, खोकला झाला, भाजले, की आधी कुंडीकडे हात जातो आणि मग औषधांच्या दुकानाकडे. हे ज्ञान आजीकडून आईकडे आणि आईकडून सुनेकडे तोंडी चालत आले. पश्चिम किनारा आणि दख्खन या भागातले असे ज्ञान सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी एका परदेशी वैद्याने छापील पुस्तकात आणले. त्यांचे नाव गार्सिया द ओर्ता.

ओर्ता यांचा जन्म 1501च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या गावी झाला. आईवडील ज्यू होते. 1492 साली स्पेनने सर्व ज्यूंना देशाबाहेर घालवले तेव्हा ते पोर्तुगालमध्ये आले आणि तिथे 1497 साली ज्यूंवर सक्तीने ख्रिस्ती धर्म लादण्यात आला. अशा कुटुंबांना नवख्रिस्ती म्हणत आणि त्यांच्यावर कायम संशयाची नजर असे. गार्सिया यांनी स्पेनमधील सालामांका आणि आल्काला येथे शिक्षण घेतले, मायदेशी परतून वैद्यकी केली आणि 1530 पासून लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले. मार्च 1534 मध्ये मार्तिम आफोन्सो द सोझा यांच्या आरमारासोबत वैद्य म्हणून ते निघाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गोव्याला पोहोचले. पोर्तुगालला ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

पहिली काही वर्षे मोहिमांबरोबर फिरण्यात गेली. पुढे त्यांनी गोव्यात घर केले. वैद्यकी, थोडा व्यापार आणि औषधी वनस्पतींची व फळझाडांची बाग असा त्यांचा संसार होता. मुंबई बेट त्यांना पोर्तुगीज राजाकडून वार्षिक खंडाने मिळाले होते. आज जिथे नौदलाचे आयएनएस आंग्रे आहे, त्या परिसरात त्यांचे घर होते असे मानले जाते. मुंबईच्या आपल्या जमिनीतला एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, याची त्यांनी कौतुकाने नोंद केली आहे.

आपल्या दख्खनशी त्यांचा संबंध जवळचा होता. अहमदनगरचे बुऱ्हाण निजामशहा त्यांचे रुग्ण होते आणि स्नेहीही. राजाने त्यांना रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवावीत आणि त्यांनी राजाला लॅटिन नावे सांगावीत, असा दोघांचा परिपाठ होता. निजामशाही, आदिलशाही आणि आपल्या गोवळकोंड्याची कुतुबशाही ही राज्ये कशी उदयास आली, याचीही माहिती त्यांच्या पुस्तकात येते. हैदराबाद शहर तेव्हा वसायचे होते. ते वसले 1591 मध्ये, म्हणजे ओर्ता गेल्यानंतर तेवीस वर्षांनी.

हिंदुस्थानातील वनस्पती व औषधी यांवरील संवादांचे त्यांचे पुस्तक 10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात छापून झाले. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. त्या काळी विद्वानांचे ग्रंथ लॅटिनमध्ये असत, ओर्तांनी मात्र पोर्तुगीजमध्ये लिहिले. पुस्तकात 50हून अधिक संवाद आहेत. एका बाजूला स्वतः ओर्ता आणि दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा कल्पित डॉक्टर. रुआनो नुकताच युरोपातून आला आहे आणि प्राचीन ग्रीक व रोमन आचार्यांनी लिहिले तेच खरे, असे तो मानतो. ओर्ता त्याला झाड दाखवतात, फळ चाखायला देतात आणि मग बोलतात.

या संवादांत आंतोनिया नावाची घरातली दासी वारंवार येते. हाक मारली की ती ताजे फळ किंवा पाला घेऊन हजर होते. विद्यापीठात शिकलेल्या दोन डॉक्टरांचा वाद तिच्या हातातल्या वस्तूवरून सुटतो. काही ठिकाणी मालुपा नावाचे हिंदू वैद्यही येतात. तिच्या नावापलीकडे आंतोनियाबद्दल इतिहासाला फारसे माहीत नाही, पण तिच्यासारख्यांच्या हातांनी त्या बागेतून काय काय आले, ते पुस्तकात राहिले.

त्यातल्या वस्तू आपल्या घरच्याच आहेत. हळद, आले, वेलची, विड्याचे पान, आवळा, नारळ, फणस. अरबांनी चिंचेला हिंदी खजूर म्हटले म्हणून युरोपात ती ताडामाडाच्या जातीची समजत. तसे नाही, तिचे झाड वेगळेच असते, हे ओर्तांनी स्पष्ट केले. निर्गुडी आणि कडुनिंब यांना त्यांनी एकाच संवादात जागा दिली. अतिसारावर मलबारचे वैद्य जी साल वापरतात तिचेही वर्णन त्यांनी केले, आणि ती आपल्या कुड्याची असे अभ्यासक मानतात. धोतऱ्यावर वेगळा संवाद आहे. चोर तो अन्नात मिसळून घरातल्या माणसांना कसे भ्रमिष्ट करतात आणि अशा रुग्णावर काय उपचार करायचे, हे त्यात सांगितले आहे. परसातली प्रत्येक वनस्पती निरुपद्रवी नसते, हे आजही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कॉलऱ्याचे त्यांनी केलेले वर्णन तर वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. इथले लोक या रोगाला काय म्हणतात ते त्यांनी विचारून लिहिले, आणि तो शब्द म्हणजे आपली मोडशी. अरबी नावही त्यांनी दिले, ज्यातला हैजा आपण आजही ओळखतो.

ओर्ता इथल्या वैद्यकापुढे डोळे मिटून नतमस्तक झाले असे नाही. आधी युरोपातले औषध द्यायचे आणि गुण आला नाही तर इथल्या वैद्यांचे, अशी आपली रीत त्यांनी प्रांजळपणे सांगितली आहे. पण स्पेनमध्ये असतो तर ग्रीक आचार्यांविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती, हेही ते मान्य करतात. पाहिले ते लिहायचे आणि ठाऊक नाही ते विचारायचे, एवढीच त्यांची शिस्त.

वनस्पतींबद्दल इतके मोकळेपणाने लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घराबद्दल मात्र मौन पाळावे लागले. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मसमीक्षण न्यायालय सुरू झाले. 1568 मध्ये ओर्ता वारले. त्यांच्या हयातीत त्यांच्यावर खटला झाला नाही, परंतु लगेचच त्यांची बहीण कातारिना हिला पकडण्यात आले. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून 25 ऑक्टोबर 1569 रोजी तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. मृत भावावरही तोच ठपका आला आणि 1580 मध्ये त्यांची हाडे उकरून जाळण्यात आली.

पुस्तक मात्र तोवर हाताबाहेर गेले होते. क्लुसियस या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन सारांश 1567 मध्येच अँटवर्प येथे छापून आणला होता आणि युरोपभर तो वाचला जात होता. मूळ ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद 1913 मध्ये झाला. पणजीच्या महापालिका उद्यानाला गार्सिया द ओर्ता यांचे नाव मिळाले. बँकेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला आणखी एका गोष्टीचे अप्रूप वाटते. पोर्तुगालच्या मध्यवर्ती बँकेने 1971 मध्ये काढलेल्या वीस एस्कुदोंच्या नोटेवर त्यांचे चित्र होते, आणि मागच्या बाजूला जुन्या गोव्यातला बाजार. ज्याची राख शिल्लक राहू दिली नाही, त्याला राष्ट्राने नोटेवर बसवले.

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत ज्येष्ठ मंडळींना पाल्याची आणि मुळांची नावे मराठीत, दख्खनीत आणि तेलुगूतही तोंडपाठ आहेत. अडुळशाची पाने किती, सुंठ केव्हा, कुठले झाड ओळखल्याशिवाय तोडायचे नाही, हे त्यांना माहीत आहे. पुढच्या पिढीला कुंडी विकत मिळेल, ही माहिती विकत मिळणार नाही. ओर्ता परक्या देशातून आले होते, त्यांना प्रत्येक नाव विचारून घ्यावे लागले. आपल्याला तर घरातल्या घरातच विचारायचे आहे, आणि सांगणारी माणसे आहेत तोवर ते वहीत उतरवून ठेवायचे आहे.